शोकेसमधली काच काळी का दिसते? घरातल्या काचेच्या वस्तूंना लाइट कसा द्यायचा, अगदी पहिल्यापासून

आमच्या आजीचा एक निळा वाडगा आहे. जाड काचेचा, कडेला किंचित वाकडा, आत बारीक बारीक बुडबुडे. नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हौसेने शोकेस करून घेतली, सुताराने वरच्या फळीला पांढरीफटक एलईडी पट्टी चिकटवून दिली, वाडगा बरोबर मधोमध ठेवला, बटण दाबलं आणि वाडगा चक्क काळा. निळाबिळा काही नाही, डांबर ओतल्यासारखा. आई म्हणाली, "अरे हा आपलाच ना? गावाकडे खिडकीत किती छान दिसायचा."

खिडकीत छान दिसायचा, सगळी गोम तिथेच आहे. खिडकीत उजेड वाडग्याच्या मागून यायचा आणि त्याच्यातून आरपार आपल्यापर्यंत पोचायचा. शोकेसमध्ये मी वरून उजेड मारला, त्यातला थोडासा पृष्ठभागावरून परतला, बाकीचा काचेतून आरपार गेला आणि मागच्या गडद वॉलनट सनमायकाने गिळून टाकला. मग आपल्या डोळ्याला दिसणार काय, तर सनमायकाच.

लाकडाची मूर्ती असो की पितळेची समई, समोरून लाइट टाकला की काम झालं, कारण उजेड तिच्यावर आपटून आपल्याकडे येतो. साध्या काचेवर सरळ उजेड पडला तर एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्केच परत येतो, म्हणजे एका तावदानाच्या दोन बाजू धरल्या तरी ८ टक्क्यांच्या आसपास, उरलेला रंगीत काचेत थोडा मुरतो आणि बाकी पलीकडे जातो. त्यामुळे काचेचा लाइट ठरवताना 'तो पडतो कुठे' यापेक्षा 'तो जातो कुठे आणि मागे त्याला काय भेटतं' हे बघायचं. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८ सालचं) दिवसा बाहेरून बघा, रंगीत खिडक्या काळपट, मळकट वाटतात, आत गेलात की त्याच खिडक्या पेटलेल्या दिसतात. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा पेला आहे, लायकरगस कप म्हणतात त्याला, तो समोरून उजेड टाकला तर हिरवा आणि आतून किंवा मागून टाकला तर लालभडक दिसतो, कारण त्या काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. आपल्याकडे तसलं काही नसतं पण मुद्दा तोच, लाइटची बाजू बदलली की वस्तूच बदलते.

गेली चारेक वर्षं चुका करत करत जे जमलं ते खाली लिहितोय. मी काही इंटिरियरवाला नाही, त्यामुळे वायरिंगचं काम आलं की वायरमनला बोलवा, बाकी सगळं घरी करता येतं.

पायरी १: सगळ्या वस्तू जमिनीवर काढा आणि गट पाडा

जुनी चादर अंथरा आणि सगळी काच तिच्यावर मांडा. किंमत, आकार, कोणी दिली हे सगळं विसरा, फक्त काचेची जात बघा. बिनरंगी साफ काच एकीकडे (ग्लास, बशा, फ्लॉवरपॉट). रंगीत पारदर्शक दुसरीकडे, निळी, हिरवी, लाल, मधासारखी पिवळी. दुधी काच वेगळी. कट ग्लास वेगळी, म्हणजे पैलू पाडलेली, झुंबराचे लोलक पण यातच. कोरलेली किंवा अ‍ॅसिडने खरवडून नक्षी काढलेली वेगळी. रंगवलेली काच, त्यात काचेच्या मागच्या बाजूने काढलेली जुनी देवादिकांची चित्रं येतात, ती पूर्ण वेगळी ठेवा, तिचे नियमच वेगळे आहेत. आणि सपाट पॅनेल, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेली स्टेन ग्लास.

हे का करायचं, तर या सगळ्यांना एकाच लाइटखाली ठेवलं की दोन चांगल्या दिसतात आणि दहा मरतात. माझ्या पहिल्या शोकेसमध्ये तेच झालं होतं, आणि मी मूर्खासारखा लाइट अजून मोठा करत होतो.

पायरी २: रात्रीची टॉर्च टेस्ट, ही टाळू नका

एक रुपयाची खरेदी करायच्या आधी हे करा. रात्री जेवणं झाल्यावर खोलीतले सगळे लाइट बंद करा, मोबाइलची टॉर्च घ्या, एक बटर पेपर घ्या (किचनमध्ये असतो तोच) आणि एक काळा कपडा, छत्रीचा पण चालेल. दोन मोबाइल असतील तर उत्तम. आता एकेक वस्तू टेबलावर ठेवून टॉर्च पाच ठिकाणांहून मारून बघा: समोरून, वरून, बाजूने, खालून आणि मागून. प्रत्येक वेळी एकदा टॉर्च उघडी आणि एकदा समोर बटर पेपर धरून. मागे एकदा पांढरी भिंत, एकदा काळा कपडा. बायको हसेल, हसू द्या.

माझा निळा वाडगा समोरून काळा, वरून काळा, आणि मागे बटर पेपर धरून त्याच्या मागे टॉर्च लावली तर एकदम तो खिडकीतला निळा परत आला. मी टॉर्च थोडी खाली सरकवली तर तळाशी जिथे काच जाड आहे तिथे जवळजवळ शाईचा रंग आणि वर काठाकडे जाताना पातळ होत होत आकाशी, आणि मधे ते बुडबुडे, प्रत्येकाला एका बाजूने पांढरी चंद्रकोर. इतकी वर्षं घरात असून बुडबुडे एवढे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

मग कट ग्लासची फुलदाणी घेतली आणि उलटंच झालं. बटर पेपरमधून ती एकदम मिळमिळीत, प्लॅस्टिकची वाटेल अशी, आणि पेपर काढून उघडी टॉर्च वरून तिरकी मारल्याबरोबर सगळ्या पैलूंवर ठिणग्या, भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे.

त्या रात्री जे कळलं त्यावर आजही माझं सगळं चालतं: रंगीत काचेला पसरलेला, मऊ उजेड मागून हवा, आणि पैलूवाल्या काचेला एका बिंदूतून येणारा छोटा, तिखट उजेड. दुधी काचेला आतून किंवा खालून. कोरलेल्या काचेला कडेतून, कारण जाड काचेच्या कडेला लाइट लावला की तो दोन पृष्ठभागांच्या मधेच आपटत पुढे जातो, बाहेर पडत नाही, आणि जिथे खरवडलेलं आहे तिथेच बाहेर फुटतो, म्हणून नक्षी पेटते आणि बाकी काच जवळजवळ गायब होते. ऑफिसांच्या रिसेप्शनवर काचेत कोरलेली चमकती नावं बघितली असतील, तीच युक्ती.

कुठल्या वस्तूला काय आवडलं ते कागदावर लिहा. हाच तुमचा नकाशा.

पायरी ३: मागे काय आहे ते आधी सुधारा

लोक हजारो रुपये लाइटवर घालवतात आणि मागची प्लाय तशीच ठेवतात. रंगीत काचेच्या मागे पांढरं किंवा ऑफव्हाइट, पण मॅट पाहिजे, चकचकीत लॅमिनेट लावलं तर त्यात एलईडीचे ठिपके ठिपके दिसतात. बिनरंगी साफ काचेचं मात्र उलटं. तिच्या मागे पांढरं ठेवलं आणि सगळीकडून उजेड दिला तर ती विरघळूनच जाते. तिच्या मागे काळं किंवा गडद निळं-करडं ठेवा आणि लाइट दोन्ही बाजूंनी द्या, मग तिच्या कडा चमकतात आणि पेन्सिलने आकार काढल्यासारखी ती उठून दिसते. काचेच्या बाटल्यांचे फोटो काढणारे लोक हेच करतात.

सनमायका बदलायची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानात फोम बोर्ड मिळतो, मापाने कापून मागे सरकवून ठेवायचा. मी वरच्या दोन कप्प्यांना पांढरा आणि खालच्याला काळा लावलाय. काळ्यासाठी वेल्वेटचा कागद घेतला तर अजून भारी पण त्यावर धूळ फार दिसते, हे आधीच सांगतो.

मागे आरसा लावायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः सुताराला. नको. वस्तू दुप्पट दिसतात हे खरं, पण त्याबरोबर लाइटची पट्टी दिसते, तुम्ही दिसता, सोफ्यावर बसलेले काका दिसतात आणि उघडं राहिलेलं बाथरूमचं दार पण दिसतं.

पायरी ४: लाइटची खरेदी

दुकानात (पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ) गेलात की पहिला प्रश्न येतो, "वॉर्म पाहिजे का व्हाइट?" याचं एका शब्दात उत्तर देऊ नका. वॉर्म म्हणजे २७०० ते ३००० केल्विन (उजेडाचा रंग किती पिवळा की निळसर ते सांगणारं माप), पिवळसर. नॅचरल म्हणजे ४००० च्या आसपास. आणि कूल डे लाइट म्हणजे ६०००-६५००, जो आपल्याकडे उगाच सगळीकडे लावतात आणि घर दवाखान्यासारखं दिसतं.

लाल, केशरी, मधाळ, सोनेरी काच वॉर्ममध्ये फुलते, कारण त्या उजेडात लाल-पिवळा भरपूर असतो. पण निळ्या काचेला वॉर्म लावला तर ती उदास होते, कारण वॉर्म लाइटमध्ये मुळात निळा कमी, मग काच आरपार सोडणार काय? निळ्याला आणि गर्द हिरव्याला ४००० द्या. सगळं एकाच कप्प्यात असेल तर ३५०० ते ४००० च्या मधलं काहीतरी घ्या, तडजोड आहे पण चालते. रंग बदलणाऱ्या रिमोटवाल्या पट्ट्या मात्र काचेला लावू नका. निळ्या वाडग्यावर लाल लाइट टाकून काय मिळतं मला कळलेलं नाही, आणि तसाही तो काळाच दिसतो.

दुसरी गोष्ट सीआरआय. म्हणजे लाइट रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, १०० पैकी. साध्या पट्ट्या ८० च्या असतात, काचेसाठी ९० किंवा वरचा मागा. विशेषतः लाल काच ८० च्या लाइटमध्ये विटकरी दिसते. दुकानदार "सेमच आहे साहेब" म्हणेल, पण पाकिटावर बघा, आणि शक्य असेल तर एखादी लाल बांगडी खिशात घेऊन जा आणि दोन्ही लाइटसमोर धरून बघा. मी खरंच नेतो. फिरोझाबादची दहा रुपयांची बांगडी, पण तिच्याइतका सरळ निकाल पाकीट देत नाही.

पट्टी कुठली? ठिपके वेगवेगळे दिसणारी नको, सीओबी म्हणतात ती घ्या, तिच्यात सलग रेघ दिसते, किंवा साध्या पट्टीला दुधी झाकणाचं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची खोबण) घ्या. खरं म्हणजे प्रोफाइल दोन्हीला घ्याच, कारण अ‍ॅल्युमिनियम पट्टीची उष्णता ओढून घेतं आणि पट्टी जास्त टिकते. नुसती प्लायवर चिकटवलेली पट्टी आपल्या उन्हाळ्यात सुटून लोंबते.

कट ग्लाससाठी पट्टी नाहीच, स्पॉट. छोटा, अरुंद कोनाचा. पाकिटावर १५, २४, ३६ अंश असं लिहिलेलं असतं. हिशोब सोपा आहे: १ मीटरवर १५ अंशाचा स्पॉट साधारण २६ सेंटीमीटरचं वर्तुळ पाडतो, २४ चा ४२ आणि ३६ चा ६५. एका फुलदाणीसाठी शोकेसच्या आत १५, आणि फॉल सीलिंगमधून खाली टेबलावर मारायचा असेल, म्हणजे साधारण ६ फुटांवरून, तरी १५ च घ्या, तिथे तो दीड फुटापर्यंत पसरलेला असतो. ३६ घेतलात तर फुलदाणी, टेबल, टेबलावरचं लाइटचं बिल सगळंच उजळतं.

पायरी ५: शोकेसची जोडणी

आता खरं काम. सुताराने वर लावलेली आडवी पट्टी काढून टाका. वरून येणारा उजेड पहिल्या फळीवरच अडतो, लाकडी फळी असेल तर खाली अंधार आणि काचेची असेल तरी वरच्या वस्तूंच्या सावल्या खालच्यांवर. त्याऐवजी पट्ट्या उभ्या लावा, मागच्या दोन कोपऱ्यांत, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यात बसणाऱ्या ४५ अंशाच्या प्रोफाइलमध्ये, तोंड मागच्या पांढऱ्या बोर्डाकडे. म्हणजे आधी बोर्ड उजळतो आणि बोर्डावरून परतलेला मऊ उजेड काचेतून तुमच्याकडे येतो. पट्टी स्वतः डोळ्याला दिसता कामा नये, सोफ्यावर बसून बघा, उभं राहून बघा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या उंचीवर वाकून पण बघा. खालचा काळा कप्पा असेल तिथे मात्र पट्टी पुढच्या दोन उभ्या कडांच्या आतून, तोंड आतल्या बाजूला.

वॅटचा हिशोब: माझी शोकेस ६ फूट उंच, म्हणजे १.८ मीटर, दोन बाजू मिळून ३.६ मीटर पट्टी. पट्टी मीटरला ९.६ वॅटची, म्हणजे ३४.६ वॅट. ड्रायव्हर (दुकानात अ‍ॅडॉप्टर किंवा एसएमपीएस पण म्हणतात) कधीच काठोकाठ घ्यायचा नाही, २५ टक्के वर धरा, म्हणजे ४३, मग बाजारात मिळणारा ५० किंवा ६० चा घ्या. १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी घ्या, कारण १२ व्होल्टची लांब पट्टी शेवटाकडे मंद होत जाते. आणि पट्टी जिथे छापलेली खूण असेल तिथेच कापायची, मधे कापली की तो तुकडा गेला.

ड्रायव्हर कुठे ठेवायचा यावर माझे पैसे गेलेत. पहिल्या वेळी ज्याने काम केलं त्याने तो शोकेसच्या मागे प्लायमध्ये बंद करून वरून सनमायका मारला. आठ महिन्यांत ड्रायव्हर गेला आणि तो काढायला सनमायका फोडावा लागला. ड्रायव्हरला हवा पाहिजे, हात पोचला पाहिजे, आणि तो काचेच्या फळीवर तर मुळीच ठेवायचा नाही. शोकेसच्या वर, मागच्या बाजूला, चार इंच मोकळी जागा सोडून ठेवा. स्विचबोर्डातून येणारी २३० व्होल्टची बाजू वायरमननेच जोडायची.

काचेच्या फळ्या करत असाल तर ८ मिलिमीटर टफन (तापवून मजबूत केलेली काच) घ्या. १ मीटर लांब आणि १ फूट रुंद फळीचं नुसतं वजनच ६ किलोच्या आसपास भरतं (दर चौरस मीटरला दर मिलिमीटर अडीच किलो असा काचेचा हिशोब), वर वस्तू, त्यामुळे फळी टेकवायचे क्लिप हलके घेऊ नका. वायरसाठी भोक किंवा कोपऱ्याला खाच पाहिजे असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, टफन झालेली काच नंतर कापता किंवा भोकं पाडता येत नाही, प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. साध्या काचेची कड हिरवट दिसते ते काचेतल्या लोखंडाच्या अंशामुळे, आणि कडेवर लाइट पडला की ते हिरवं अजून उठतं. खटकत असेल तर एक्स्ट्रा क्लिअर मागा, महाग आहे, मला हिरवी कड आवडते.

डिमर लावाच. आणि डिमर विकत घेताना मंद करून मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लाइट फडफडतोय, डोळ्याला कळत नाही पण थोड्या वेळाने डोकं चढतं.

प्रकाश किती?

इथे सगळे जास्तच करतात. खोलीतल्या बाकी उजेडाच्या साधारण तिप्पट ते पाचपट वस्तूवर असला की नजर आपोआप तिकडे जाते, म्हणजे लाइट वाढवायच्या ऐवजी खोलीतली ट्यूब बंद करून कोपऱ्यातला एक दिवा लावला तरी तेच होतं, फुकटात. शिवाय शोकेसला काचेची दारं असतील तर समोरची ट्यूब त्यात आडवी दिसणारच, ती कुठल्याही लाइटने झाकत नाही. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर हॉलची ट्यूब बंद, फक्त अभ्यास असेल तर चालू.

स्टेन ग्लास आणि रंगवलेली काच

स्टेन ग्लासचं पॅनेल खिडकीत टांगता येत असेल तर लाइटचा प्रश्नच नाही, उत्तरेकडची खिडकी सगळ्यात चांगली, दिवसभर एकसारखा उजेड. टांगण्याची साखळी मात्र चौकटीला अडकवा, काचेच्या जोडाला नाही. भिंतीवर लावायचं असेल तर लाइट बॉक्स करा: दोन-अडीच इंच खोल लाकडी चौकट, आतून पांढरा रंग, मागच्या प्लायवर पट्टीच्या ओळी, पुढे ३ मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रेलिक आणि त्यापुढे पॅनेल. दोन ओळींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच अंतर पट्टीपासून अ‍ॅक्रेलिकपर्यंत ठेवा, नाहीतर ओळी दिसतात. मी पहिल्यांदा एक इंचाचा बॉक्स केला होता, पॅनेलमधल्या कमळामागे सिमेंटच्या पत्र्यासारखे पट्टे उठले. मागे हवा खेळायला वर-खाली चार-चार भोकं.

काचेच्या मागून रंगवलेली जुनी चित्रं (पुण्यातल्या केळकर म्युझियममध्ये बघायला मिळतात) मागून उजळायची नाहीत. तो रंग काचेला नुसता धरून असतो, उष्णतेने आणि दमटपणाने पापुद्रे सुटतात, आणि मागून लाइट टाकला तर जिथे रंग उडालाय ती सगळी भोकं चमकतात. तिला समोरून, वरून, मंद आणि वॉर्म. उभ्या रेषेपासून ३० अंशाचा कोन धरा: चित्राचा मध्य ५ फुटांवर आणि छत ९ फुटांवर असेल तर स्पॉट भिंतीपासून साधारण सव्वादोन फूट पुढे येतो. याच्या जवळ घेतलात तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, फार लांब घेतलात तर बघणाऱ्याला काचेत लाइट दिसतो, गणपती नाही.

आणि झुंबर. ज्यांच्याकडे जुनं झुंबर किंवा हंडी आहे त्यांनी कृपा करून त्यात दुधी एलईडी बल्ब लावू नका. लोलक मेणबत्त्यांसाठी घडवलेले असतात, छोट्या हलत्या ज्योतीसाठी. साफ काचेचे फिलामेंट पद्धतीचे एलईडी बल्ब मिळतात, २२०० ते २७०० केल्विनचे, ते लावा, लगेच फरक कळेल.

आमच्याकडे प्रभाकर कंदील पण आहे, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले काच कारखाना १९१६ सालचा, एके काळी हा कंदील घरोघरी होता. त्याची काच शाबूत आहे, तिला खालच्या बाजूला एक लांबट बुडबुडा आहे. त्यात दोन वॅटचा छोटा वॉर्म एलईडी बरोबर वातीच्या उंचीवर बसवला, वर नाही, खाली नाही. पहिल्यांदा दोन इंच वर बसवला होता तर काच छान उजळली पण तो कंदील वाटेना. वातीच्या जागी आणल्यावर वरचा भाग आपोआप अंधारला आणि कंदील परत कंदील झाला.

ऊन, उष्णता, पावसाळा, पाखरं

जुन्या शोकेसमध्ये ५० वॅटचे हॅलोजन असतील तर आजच काढा. काच एका बाजूने तापली आणि दुसरी थंड राहिली की ताण येतो, माझ्या मावशीकडे हॅलोजनच्या चार इंच खाली ठेवलेली फुलदाणी एका रात्री कोणी हात न लावता तडकली.

काचेचे गोळे, पेपरवेट, पाणी भरलेल्या गोल बरण्या थेट उन्हात ठेवू नका. ते भिंगासारखं ऊन एका बिंदूवर आणतात आणि खरोखर आग लागू शकते. आमच्या टेबलक्लॉथवर खिडकीतल्या गोळ्याने एक तपकिरी रेघ काढली आहे, सूर्य जसा सरकला तशी. नशीब कापड सुती आणि कोणीतरी घरात होतं.

कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी घ्या, आयपी ६५ लिहिलेलं असतं, उघड्या पट्टीचे जोड खाऱ्या हवेत हिरवे पडतात. शोकेस अगदी हवाबंद करू नका. जुनी काच हाताला बुळबुळीत लागली किंवा धुऊनही सारखी धुरकट होत असेल तर तो मळ नाही, दमटपणाने काचेतले क्षार बाहेर येत असतात, ती लाइटपासून लांब कोरड्या जागी ठेवा.

आणि पाखरं. पावसाळ्याच्या सुरुवातीला दाराला थोडी फट असली तरी सकाळी दुधी काचेच्या दिव्यात पंखांचा खच, आणि पाखरांमागे पाल. पाल एकदा शोकेसमध्ये शिरली की ती बाहेर काढताना जे फुटतं ते वर्षभरात फुटत नाही. दाराला ब्रशची पट्टी लावा, आणि जूनमध्ये संध्याकाळी सात ते साडेआठ लाइट बंदच ठेवा. उरलेल्या वर्षासाठी टायमर.

शेवटचं: पुसणं

तिरका लाइट लावला की बोटांचे ठसे आणि धूळ इतके दिसतात की तुम्ही लाइटला शिव्या द्याल. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ, सहा महिन्यांनी धुणं. बोअरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग पडतात, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. रंगवलेल्या काचेच्या रंगाच्या बाजूला पाणी, ब्रश, काहीच नाही. लाइट बंद करून, पट्टी गार झाल्यावरच. प्लास्टिकच्या घमेल्यात तळाला टॉवेल घालून धुवा, स्टीलच्या सिंकमध्ये नको. हलक्या वस्तूंच्या बुडाला म्युझियम वॅक्सचे (वस्तू जागेवर धरून ठेवणारं चिकट मेण) तीन-तीन छोटे ठिपके, खालून ट्रक गेला की शोकेस थरथरते आणि वस्तू दर महिन्याला मिलिमीटरभर पुढे येतात, हे मी मोजपट्टीने मोजलंय.

वस्तू बाहेर काढायच्या आधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ठेवा, लाइट चालू ठेवून. वाडगा दोन बोटं डावीकडे गेला तरी बुडबुडे दिसेनासे होतात, आणि आमच्या कामवाल्या मावशी प्रत्येक वेळी तो पुढच्या काठाला आणून ठेवतात कारण त्यांच्या मते तो मागे ठेवला तर दिसणार कसा. आता फळीला खालून मार्करने एक गोल काढून दिलाय, "मावशी, याच्यावरच."